मुंगी, मांडे आणि ताटी: मुक्ताईच्या अभंगांवरील कथक प्रस्तुतीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी, जळगाव

मुक्ताईच्या अभंगांवर पाऊण तासाची कथक प्रस्तुती उभी करायची आणि तिचा पहिला प्रयोग आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लगेच करायचा, असे आजच्या बैठकीत ठरले. विशारदच्या तीन विद्यार्थिनी नाचतील, गायिका आणि संवादिनीवादक नेहमीचेच राहतील आणि तबल्याच्या जोडीला वारकरी परंपरेतला मृदंग घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

कथकातील अभिनयाचा मोठा भाग ब्रज भाषेतल्या कृष्णकाव्यावर पोसलेला आहे. पनघट, माखनचोरी, होरी हे प्रसंग आमच्या मुली सहज उभे करतात, पण ती भाषा त्यांच्यापैकी कुणाच्याच घरात बोलली जात नाही. मुक्ताईचे तसे नाही. ती जिथे गुप्त झाली ते मेहूण आणि तिचे जुने देऊळ असलेली कोथळी ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातल्या मुक्ताईनगर तालुक्यात, म्हणजे जुन्या एदलाबाद भागात आहेत, आणि तिच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत महिनाभर चालत गेलेले कुणी ना कुणी वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या नात्यात आहे. ‘मराठी शब्द शास्त्रीय नृत्यात बसतील का?’ अशी शंका एका पालकांनी काढली. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८ ते १८३२) दरबारातल्या नर्तिकांसाठी मराठीत नृत्यरचना केल्या गेल्या होत्या, तेव्हा या शंकेचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. आपल्याकडे ते फारसे कुणी वाचत नाही, इतकेच.

एक सूत्र सुरुवातीलाच लिहून ठेवते: अभंगातला प्रत्येक शब्द हाताने दाखवायचा नाही. अभंग ऐकणाऱ्याला शब्द कळतात. नर्तिकेने त्या शब्दांमागे उभ्या असलेल्या मुलीला दाखवायचे आहे.

१९ जानेवारी

संहितेचे काम सुरू केले. ताटीच्या, म्हणजे कुडाच्या दाराच्या, अभंगांतले निवडक चरण, ‘मुंगी उडाली आकाशी’ हा कूट अभंग, मांड्यांची लोककथा आणि शेवटी मेहूणचा विजेचा प्रसंग, असा क्रम तूर्त धरला आहे.

आज मुलींकडून अक्षरे मोजून घेतली. ताटी काय किंवा मुंगी काय, दोन्ही लहान अभंगाच्या घडणीचे आहेत. चरणात साधारण आठ अक्षरे आणि दर दोन चरणांना यमक. ‘विश्व रागे झाले वन्ही’ आठ, ‘संते सुखे व्हावे पाणी’ आठ. कुठे कुठे नववे अक्षर येते, पण गाताना ते सहज सामावते. कथकाचे ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हेही आठच मात्रांचे असल्यामुळे एका मात्रेवर एक अक्षर ठेवून चरणाची पढंत करता येते, म्हणजे तो तालावर बोलून म्हणता येतो. गायन मात्र असे मोजून करायचे नाही. गायिका चालीप्रमाणे अक्षरे लांबवील, आखडील, आणि पढंतीची जागा वेगळी राहील. हा भेद आताच पक्का केला नाही, तर तालमीत गोंधळ होईल.

२ फेब्रुवारी

मुलींना घेऊन कोथळी, मेहूण आणि चांगदेव या तिन्ही ठिकाणी जाऊन आलो. चांगदेव गावाजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे आणि हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे तिथे पाण्याचा विस्तार मोठा दिसतो. तेथील दगडी देऊळ यादवकालीन घडणीचे आहे. छायाचित्रे काढली, मुलींनी दर्शन घेतले. संहितेच्या दृष्टीने हाती लागली ती एकच गोष्ट: नदीचे पात्र इतके रुंद आणि सपाट आहे, की आकाश फार खालपर्यंत उतरल्यासारखे वाटते. मुंगीच्या अभंगासाठी रंगमंच मोकळाच ठेवायचा, असे परततानाच माझ्या मनाने घेतले.

१५ फेब्रुवारी

विसोबांच्या सांगण्यावरून गावात कुणीच मुक्ताईला मांडे भाजायला खापर (मातीचे भांडे) देईना, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. खानदेशात मात्र मांडे ही नुसती कथेतली वस्तू नाही. आखाजीला, पाहुणचाराला, लग्नकार्यात पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे आजही भाजले जातात आणि ते हातावर वाढवणाऱ्या बाया बोलावून आणाव्या लागतात. त्यामुळे या प्रसंगाचा अभिनय ग्रंथातल्या हस्तमुद्रांवरून करण्याऐवजी खापरापुढे बसून शिकावा, असे ठरवले आणि भुसावळजवळच्या एका आजींकडे सकाळपासून बसलो.

पुरण भरलेला गोळा आधी थोडा थापला जातो. मग तो पोळपाट सोडून दोन्ही हातांवर येतो आणि तिथून पुढचे सगळे काम तळहात, मनगटे आणि कोपरापर्यंतचे हात करतात. मांडा एका हातावरून दुसऱ्या हातावर पडतो आणि प्रत्येक पडण्यात आपल्याच वजनाने थोडा वाढतो. बोटे त्याला ओढत नाहीत. ओढले तर तो फाटतो. आजींची नजर हातांवर नव्हती, खापरावर होती. मुलींपैकी एकीने करून पाहिले, तेव्हा कथकात घोटलेली मनगटाची सुंदर वळणे मध्ये येऊ लागली आणि पुरण एका बाजूला साचले. आजी म्हणाल्या, ‘मांड्याले घाई चालत नाही, बाई.’

यातून लयीचा एक प्रश्न पुढे आला. कथकाची चाल विलंबिताकडून द्रुताकडे असते. मांड्याचे उलटे आहे: गोळा लहान असताना हात भरभर चालतात आणि मांडा कोपरापर्यंत पसरला, की ते जड आणि सावकाश होतात. हा प्रसंग बैठकी भावात, बसूनच करायचा आणि त्याची लय शेवटी वाढवण्याऐवजी उतरवायची, असे ठरवले. तबलजींना हे रुचलेले नाही. उतरत्या लयीत टाळ्या मिळत नाहीत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, परंतु मांडा खापरावर पडण्याच्या क्षणी टाळी यावी, असे मला वाटतच नाही.

ज्ञानदेवांची पाठ दाखवायची नाही. कुणा नर्तिकेला ओणवे करून तिच्या पाठीवर मांडे भाजणे बघायला विनोदी होईल. तापलेल्या पाठीजवळ हात नेताना मुक्ताईचा तळहात थबकतो, डोळ्यांत भावाची काळजी येते आणि तरीही ती मांडा टाकते, एवढे पुरे आहे.

२३ फेब्रुवारी

मृदंगासाठी यावल भागातले एक महाराज तयार झाले. तबलजी आणि ते यांचा पहिला दिवस समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, गेला. तबलजींना प्रत्येक आवर्तनात सम ठसठशीत हवी, तर महाराजांच्या भजनी ठेक्यात समेचा असा मान नसतो. टाळकऱ्यांना उचलून धरणे आणि चाल हळूहळू चढवत नेणे हे त्यांचे काम. वाटणी अशी केली: पढंतीला तबला, गायनाला मृदंग, आणि शेवटच्या पावलीत, म्हणजे वारकऱ्यांच्या तालावरच्या चालीत, दोन्ही.

८ मार्च

ताटीवर काम केले. माधुकरीला गेलेल्या ज्ञानदेवांचा कुणीतरी अपमान केला, म्हणून ते खोपटाचे कुडाचे दार लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली, असा हा प्रसंग आहे. मुक्ताईचा जन्म १२७९ चा मानला जातो, म्हणजे चार भावंडांत ती सर्वांत लहान. अशी मुलगी ‘योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा’ हे थोरल्या भावाला ऐकवते, यातच या अभंगांचे सगळे नाट्य आहे. म्हणून ही भूमिका तिघींपैकी सर्वांत लहान असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला दिली. वर्गातल्या काही जणींना थोरली विद्यार्थिनी हवी होती, कारण तिचा अभिनय अधिक पक्व आहे. इथे पक्वता शब्दांत आहे, वयात असता कामा नये.

गतभावात एकच नर्तिका पलटा घेऊन एका पात्रातून दुसऱ्या पात्रात जाते. त्या रीतीने इथेही एकदा ज्ञानदेव, एकदा मुक्ताई असे करता आले असते. पण ज्ञानदेव या अभंगांत एक अक्षरही बोलत नाहीत. पलटा घेऊन त्यांना दाखवले, की त्यांचे न बोलणे संपते. तेव्हा ज्ञानदेव रंगमंचावर येणार नाहीत, दारही येणार नाही. ताटी प्रेक्षक आणि नर्तिका यांच्या मधोमध आहे असे मानायचे आणि तिने समोर पाहून बोलायचे, म्हणजे सगळे प्रेक्षागृह आपोआप खोपटाच्या आत, ज्ञानदेवांच्या जागी बसते.

‘विश्व रागे झाले वन्ही, संते सुखे व्हावे पाणी’ या ओळीवर बराच वेळ गेला. ज्वालांसाठी वर वळलेली, थरथरणारी बोटे आणि पाण्यासाठी पताक हस्ताच्या लाटा, अशा दोन वेगळ्या मुद्रा मुलीने केल्या. त्या नीट होत्या, पण सुट्या राहत होत्या. मग तीच थरथरणारी बोटे मनगटातून सावकाश खाली वळवायला सांगितली. थरथर तशीच राहिली, दिशा फक्त बदलली, आणि आगीचे पाणी झाले. राग टाकून द्यायचा नाही, त्याचा उतार बदलायचा, हे या एका वळणातून बोलते, आणि असे वळण सापडले की माझे दोन आठवडे सत्कारणी लागतात.

‘शब्द शस्त्रे झाले क्लेश’ इथे तलवार दाखवायची नाही. कानाजवळचा हात किंचित मागे सरकतो, बस. ‘विश्वपट ब्रह्म दोरा’ या चरणासाठी विणकराचा माग दाखवण्याचा विचार होता, पण कापसाच्या मुलखात त्याहून जवळची कृती घरातच होती. देवापुढच्या वातींसाठी सरकीपासून सोडवलेला कापूस चिमटीत धरून धागा काढतात, तो हात घेतला. धागा काढता काढता हात ताटीपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

१६ मार्च

चांगदेवांच्या कोऱ्या पत्राचा प्रसंग गाळला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, हे मुक्ताईचे उद्गार आणि त्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत दिलेले उत्तर हे सगळे आकर्षक आहे, पण ते संवादाच्या नाटकात शोभेल. वाघावर बसलेले चांगदेव आणि चालती भिंत आली, की प्रस्तुती चमत्कारांची चित्रमालिका होते आणि मुक्ताई कडेला उभी राहते.

३० मार्च

मुंगीचा अभंग. सगळ्या प्रकल्पात अवघड तो हाच.

मुंगी उडाली आकाशी । तिने गिळिले सूर्यासी ॥
थोर नवलाव जाला । वांझे पुत्र प्रसवला ॥
विंचू पाताळासी जाय । शेष माथा वंदी पाय ॥
माशी व्याली घार जाली । देखोनि मुक्ताई हासली ॥

मुलींनी घरी बसवून आणलेली मांडणी आज पाहिली. हंसास्य हस्ताने मुंगी, अलपद्माने सूर्य, सर्पशीर्षाने शेष, पंखांच्या हातांनी घार. प्रत्येक मुद्रा शुद्ध, प्रत्येक चरण स्पष्ट. तरीही ते पाहताना बालवाडीतल्या बडबडगीताची आठवण होत होती. मुंगी म्हणजे सूक्ष्म झालेला जीव, असा अर्थ कीर्तनातून उलगडून सांगतात. तो अर्थ हाताने सांगू गेले तर नृत्याचे प्रवचन होते आणि नुसती मुंगी दाखवली तर बडबडगीत. दोन्ही वाटा बंद आहेत. उघडी राहते ती शेवटच्या चरणातली वाट: हे सगळे मुक्ताई पाहते आहे. म्हणून मुंगी नाचायची नाही, मुंगीला पाहणारी मुक्ताई नाचायची.

त्याप्रमाणे हात जवळजवळ काढून घेतले आणि सगळे काम नजरेवर सोपवले. नजर आधी पायाजवळच्या जमिनीवर, मग सावकाश वर, आणखी वर, आणि सूर्याकडे जाताच डोळे आपोआप बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात, हात नकळत भुवईशी येतो. ‘तिने गिळिले’ म्हणताच ताण सुटतो, डोळे पूर्ण उघडतात, हात खाली येतो. डोळ्यांवरची तिरीप गेली, म्हणजे सूर्य गेला. मुंगी कुठेच दाखवली नाही आणि सूर्यही नाही, तरी दोन्ही घडले.

विंचवाच्या चरणात शेतात वावरणाऱ्या कुठल्याही पोरीने उचलावा तसा पाय झटकन वर येतो, नजर जमिनीतून खोल जाते, आणि ‘वंदी पाय’ म्हणताना तोच उचललेला पाय अलगद खाली टेकतो, जणू आता खाली कुणाचे तरी मस्तक आहे. माशीला हाताने वारले जाते आणि वारता वारता घारीची सावली चेहऱ्यावरून सरकते. ‘वांझे पुत्र प्रसवला’ या चरणाला मात्र काहीच करायचे नाही. तिथे गायिकेने दोनदा म्हणावे आणि नर्तिकेने नुसते ऐकावे. तिथे अभिनय केला तर तो नक्कीच ओंगळ होईल.

६ एप्रिल

हसण्याचा प्रश्न. नाट्यशास्त्राने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित, आणि त्यांपैकी पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. संत म्हटले की नर्तिका स्मितावर थांबतात, कारण ते पवित्र दिसते. परंतु अभंगाचा सारा प्रवास अद्भुताचा आहे, श्रोत्याच्या मनात विस्मय साठत आलेला आहे, आणि ज्या मुलीने हे सगळे पाहिले ती विस्मयचकित न होता हसते. ते हसू मोकळे, वयाला शोभणारे आणि किंचित दात दिसणारे हवे; उपहासाची छटा आली तर सगळे बिघडते.

पढंतीत इथे एक गंमत हाती आली. या अभंगाचे आधीचे सातही चरण नेमके आठ अक्षरांचे आहेत. ‘देखोनि मुक्ताई हासली’ हा एकटाच नऊ अक्षरांचा. तबलजींनी सुचवले, की ‘खोनि’ ही दोन अक्षरे एका मात्रेत बसवून चरण आठात आणावा. मी नको म्हटले. एका मात्रेवर एक अक्षर असे म्हणत गेले, तर आठव्या मात्रेला ‘स’ येतो आणि ‘ली’ हे नववे अक्षर पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडते. इतर चरण समेच्या अलीकडे संपतात, हसण्याचा चरण समेवर येऊन संपतो. इथे तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणायचा तुकडा, बांधण्याची गरजच उरली नाही. अभंग रचताना कुणी कथकाची सम डोळ्यांपुढे ठेवली नव्हती, हे उघड आहे, तरी परंपरेने जे हातात दिले आहे ते तसेच वापरण्यात शहाणपण आहे. तबलजींनी दोनदा करून पाहिले आणि वहीतली तयार तिहाई खोडली.

१३ एप्रिल

वेशभूषा ठरली: साधे सुती नऊवारी, दागिने नाहीत. अनारकली घेर आला असता तर चकरा शोभल्या असत्या, पण चकरा विजेच्या प्रसंगातच आहेत आणि तिथेही मोजक्या. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर, १२९७ मध्ये, मुक्ताई मेहूणला वीज कडाडताच गुप्त झाली, असे परंपरा सांगते. विजेसाठी प्रकाशझोत चमकवायचा नाही, असे प्रकाशयोजनाकारांना सांगितले. मृदंगाच्या एका थापेवर तिघी जागीच थांबतात आणि मधली नर्तिका मागच्या मागे निघून जाते.

२० एप्रिल

गावातल्या एका देवळाच्या सभामंडपात रंगीत तालीम केली. समोर भजनी मंडळातले ज्येष्ठ आणि बऱ्याच बाया. ज्येष्ठांचा मुख्य आक्षेप घुंगरांवर होता: घुंगरू वाजले की शब्द बुडतो. आक्षेप योग्य वाटला. ताटी आणि मांडे आधी, घुंगरांविना करायचे, मुंगीपासून पुढे घुंगरू घालायचे, असा बदल केला आणि मधल्या जागेत गायिकेला एक अभंग वाढवून दिला. बायांचे लक्ष मांड्यांवर होते. मांडा खापरावर टाकताना तो आधी पलीकडच्या कडेने टेकतो आणि मग आपल्याकडे सोडला जातो, आमची मुलगी तो सरळ वरून टाकत होती. हे तिघी-चौघींनी एकदमच सांगितले आणि एकीने उठून हात करून दाखवला. पावलीच्या वेळी टाळकरी आपणहून उभे राहिले. ती दोन पावले पुढे, दोन मागे अशी चाल मुलींना वर्गात जी जमत नव्हती, ती त्यांच्या शेजारी उभे राहताच जमली.

४ मे, जळगाव

प्रयोग झाला. संध्याकाळ होऊनही उकाडा इतका होता, की मृदंगाच्या धुमेवरची (खर्जाच्या तोंडावरची) कणीक वाळून आवाज चढू लागला आणि महाराजांना मांड्यांच्या प्रसंगातच ती पुन्हा भिजवून लावावी लागली. पुढच्या वेळी ओले फडके आणि जास्तीची मळलेली कणीक विंगेत ठेवायची.

मांड्यांना टाळी पडली नाही, जशी अपेक्षा होती. मुंगीच्या अभंगात सूर्याच्या वेळी पुढच्या रांगेतल्या काही जणांनी नर्तिकेबरोबर मान वर केली. हसणे समेवर आले, पण मुलीने ते जरा लवकर सुरू केले. ‘मुक्ताई’ या शब्दापर्यंत चेहरा कोरा राहायला हवा. ताटीत तिचा आवेग दुसऱ्या चरणातच चढला आणि शेवटच्या ‘ताटी उघडा’साठी फारसे उरले नाही. ही तिची एकटीची बाब नाही, गायनाची चालही तिथे लवकर चढते, म्हणून चालीतला एक टप्पा कमी करायचा आहे.

ज्येष्ठात पालखी निघण्याआधी एका मुक्कामावर हीच प्रस्तुती वीस मिनिटांत, दिव्यांशिवाय, मैदानात करून दाखवा, असे आमंत्रण आले आहे. मांडे, मुंगी आणि पावली तिथे नेता येतील. ताटीची मांडणी मात्र प्रेक्षक समोर बसतात हे धरून केलेली आहे आणि मैदानात लोक चारही बाजूंनी बसणार. एक तोडगा असा दिसतो, की मधोमध मृदंग आणि टाळकरी बसवावेत, ताटी त्यांच्याभोवती आहे असे मानावे आणि नर्तिकेने प्रत्येक चरणाला बाजू बदलत, वर्तुळाबाहेरून आत बोलावे. शनिवारच्या तालमीत हे करून पाहायचे आहे. महाराजांना त्यासाठी दुपारी चारला बोलावले आहे.